संगणकाची घरगुती इनपुट साधने

संगणकाची घरगुती इनपुट साधने : घरातल्या किंवा भंगारात निघालेल्या वस्तूंपासून बनवलेली, संगणकाला आज्ञा देण्याची साधने. पुठ्ठा, ॲल्युमिनियमची फॉइल, कपड्यांचे चिमटे, निकामी सीडी, जुने माऊस आणि कीबोर्ड हा त्यांचा मुख्य कच्चा माल. शाळेतले प्रयोग, खेळ आणि संगीत यांसाठी ती बनवली जातात; पण त्यांची खरी गरज असते ती हातापायांच्या हालचाली मर्यादित असलेल्या व्यक्तींना. कारखान्यातला माऊस सरासरी हात समोर ठेवून घडवलेला असतो. घरी केलेला स्विच मात्र एकाच माणसाच्या एकाच हालचालीला, मग ती अंगठ्याची असो, हनुवटीची असो वा गुडघ्याची, बेतून करता येतो. स्वस्ताईपेक्षा हा गुण मोठा आहे.

माऊसचा जन्मही असाच जुळवाजुळवीतून झाला. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये केलेला पहिला माऊस म्हणजे लाकडी ठोकळा, त्याखाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. पुढे 1980 च्या सुमारास ॲपल कंपनीसाठी स्वस्त माऊस करताना डीन होवी यांनी पहिल्या नमुन्यात रोल-ऑन डिओडरंटच्या बाटलीतली गोळी आणि लोण्याची डबी वापरली.

तत्त्व साधे आहे. कीबोर्डची कळ दाबली की दोन वाहक पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि परिपथ पूर्ण होतो. नेहमीच्या स्वस्त कीबोर्डात प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वाहक रेषा छापलेल्या असतात. मधला भोके पाडलेला पापुद्रा त्यांना दूर ठेवतो. या रेषा ओळी आणि स्तंभ अशा जाळीत मांडलेल्या असतात आणि आतली चिप ही जाळी सतत तपासत राहते. कोणती ओळ कोणत्या स्तंभाला जोडली गेली यावरून तिला अक्षर कळते. जोडणी बोटाने झाली, पायाने झाली की भिंतीवर टेकलेल्या डोक्याने, याच्याशी तिला कर्तव्य नसते. घरगुती साधनांचा सगळा डोलारा याच गोष्टीवर उभा आहे.

संगणकापर्यंत पोचण्याच्या वाटा तीन. पहिली, जुन्या कीबोर्डातील परिपथाची लहान पाटी (सर्किट बोर्ड) काढून तिच्या टोकांना तारा जोडण्याची. बहुतेक पाट्यांवर या टोकांवर कार्बनचा थर असतो आणि त्यावर डाख धरत नाही. थर हलक्या हाताने खरवडून खालचे तांबे उघडे करावे लागते. मग कोणत्या दोन टोकांना जोडल्यावर कोणते अक्षर उमटते, याचा तक्ता स्वतःच तयार करायचा. एकाच वेळी अनेक स्विच दाबले जाणार असतील, तर जाळीत आयताचे तीन कोपरे जोडले गेल्यावर चौथी कळही दाबल्याचा भास होऊ शकतो, हे तक्ता करतानाच ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट जुन्या माऊसची, आणि नवख्याला हीच सोयीची. डाव्या बटणाखालच्या चिमुकल्या स्विचला तीन पाय असतात. बटण दाबल्यावर त्यांपैकी जे दोन जोडले जातात, ते शोधून त्यांना दोन तारा डाखल्या की बाहेरचा कोणताही स्विच क्लिकचे काम करू लागतो. तारांच्या टोकाला 3.5 मिमीचे मोनो सॉकेट लावावे, कारण दिव्यांगांसाठीचे तयार स्विच बहुधा याच जोडणीचे असतात. पडद्यावरचा बाण हलू नये म्हणून माऊसच्या पोटाखालील सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावतात.

तिसरी वाट आर्डुइनो लिओनार्डो किंवा रास्पबेरी पाय पिकोसारख्या पाटीची. या पाट्या यूएसबीवर स्वतःची ओळख कीबोर्ड किंवा माऊस म्हणून करून देतात, त्यामुळे संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अशा कामाचे सुटे भाग मिळतात.

स्विच हा या साधनांतला सर्वांत कसोटीचा भाग. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर फॉइल चिकटवून, मध्ये भोक पाडलेला फोम ठेवला की दाबस्विच तयार होतो. भोक मोठे ठेवले तर कमी जोर लागतो. फोम जाड घेतला तर बोटाला अधिक खोल जावे लागते. ज्याच्यासाठी स्विच करायचा त्याला बसवूनच ही मापे ठरवावीत. पुठ्ठ्याऐवजी दोन जुन्या सीडी घेतल्या, तर स्विच गोल, कडक आणि पुसता येण्याजोगा होतो. फॉइलला डाख बसत नाही, म्हणून तार स्टेपलने किंवा नटबोल्टने आवळून धरावी लागते. नुसत्या चिकटपट्टीवर सोडलेली तार चार दिवसांत दगा देते. लाकडी चिमट्याच्या दाबायच्या टोकांना आतून पितळी टाचण्या लावल्या की मुठीत धरायचा स्विच होतो, पण त्याची स्प्रिंग दुबळ्या हाताला जड जाते. अशा वेळी टाचण्या चिमट्याच्या तोंडात लावून त्यांमध्ये प्लॅस्टिकची पट्टी अडकवतात. दोऱ्याने पट्टी ओढली की संपर्क जुळतो. मात्र दर वेळी पट्टी परत अडकवायला दुसरे कोणी लागते. जिथे दाबणेच शक्य नाही, तिथे दार-खिडकीच्या अलार्ममधला रीड स्विच उपयोगी पडतो. बोटाला बांधलेले लोहचुंबक जवळ आले की तो न दाबताच जुळतो आणि त्याचे संपर्क काचेत बंद असल्यामुळे दमट हवेतही गंजत नाहीत.

स्पर्शावर चालणाऱ्या साधनांत मेकी मेकी ही पाटी विशेष गाजली. एमआयटी मीडिया लॅबमधील जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी ती 2012 मध्ये लोकांसमोर आणली. तिच्यातले 22 मेगओहमचे रोध इतके मोठे आहेत की केळे, लिंबू, मीठ घातलेली कणीक किंवा शिसपेन्सिलीने काढलेली ठळक रेघ यांतून जाणारा क्षीण प्रवाहही कळ दाबल्याचा संकेत ठरतो. माणसाने दुसऱ्या हातात पाटीची अर्थ तार धरायची असते. शरीरातून जाणारा प्रवाह एका मायक्रोअँपिअरच्या चौथ्या भागाहूनही कमी असतो.

काही साधने कॅमेऱ्यावर चालतात. जॉनी ली यांनी 2007 मध्ये मार्कर पेनात अवरक्त एलईडी बसवून आणि वी या खेळयंत्राचा रिमोट कॅमेरा म्हणून वापरून स्वस्त डिजिटल फळा करून दाखवला. 2009 मधील आयरायटर हे साधन त्याहून हृद्य आहे. एएलएस या आजाराने अंथरुणाला खिळलेले लॉस एंजेलिसचे भित्तिचित्रकार टोनी क्वान यांना डोळ्यांच्या हालचालीने पुन्हा चित्र काढता यावे, म्हणून स्वस्त चष्म्याची चौकट आणि प्लेस्टेशनचा कॅमेरा यांतून ते बनवले गेले.

एकाच स्विचवर मजकूर लिहिण्यासाठी पडद्यावरचा कीबोर्ड आपोआप ओळी उजळत जातो. हवी ती ओळ आली की स्विच दाबायचा आणि मग त्या ओळीतले अक्षर निवडायचे. विंडोजच्या ऑन-स्क्रीन कीबोर्डात ही सोय आहे आणि तिला माऊसचा क्लिकही चालतो. मराठीसाठी वेगळा तक्ता करायचा झाल्यास वर्णमाला इथे कामी येते: क ते म ही पंचवीस अक्षरे पाच ओळी आणि पाच स्तंभांत चपखल बसतात आणि शाळा शिकलेल्या कोणालाही त्यांच्या जागा तोंडपाठ असतात. वारंवार लागणारे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त मात्र पहिल्याच ओळीत घ्यावेत, नाहीतर प्रत्येक अक्षरागणिक ताटकळावे लागते.

घरगुती संपर्क टेकताना थरथरतात आणि एका दाबात दोन-तीन अक्षरे उमटतात. पाटीच्या प्रोग्राममध्ये काही मिलिसेकंदांची सबुरी घालून हा दोष काढतात. फॉइलला ती पन्नासपर्यंतही न्यावी लागते. हात कापत असेल तर विंडोजमधील फिल्टर कीज ही सोय क्षणिक आणि दुबार दाब गाळून टाकते. ही साधने यूएसबीच्या 5 व्होल्टवर चालतात. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेशी त्यांची कोणतीही तार जोडू नये. यूएसबीच्या 5 व्होल्ट आणि अर्थ या दोन तारा एकमेकींना थेट टेकू देऊ नयेत. फॉइल महिन्या-दोन महिन्यांनी पाहून चुरगळली वा काळवंडली असल्यास बदलावी. रोजच्या बोलण्या-लिहिण्यासाठी जो स्विच लागतो, त्याचा तसाच दुसरा तयार ठेवावा.