बालाघाटची सायकल आणि समुद्रातलं एक बेट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आजचा विषय सायकल. पोस्ट जरा लांबली आहे, चहा घेऊनच बसा.

मागच्या वर्षी मुलाकडे हॉलंडला गेलो होतो. एका शनिवारी त्याने आम्हा दोघांना टेसेल नावाच्या बेटावर नेलं. डेन हेल्डर गावाच्या धक्क्यावरून मोठ्या बोटीने वीस मिनिटांत पलीकडे. ही बोटीची कंपनी बेटावरच्या लोकांनीच १९०७ मध्ये काढली. आधीच्या बोटवाल्यांच्या कारभाराला कंटाळून त्यांनी गावातच शेअर विकले आणि स्वतःची बोट घातली. जन्म बँकेत गेलेला माणूस मी, मला ही गोष्ट तिथल्या समुद्रापेक्षा जास्त आवडली.

बेट एकदम सपाट. पश्चिमेला समुद्राच्या कडेने वाळूच्या टेकड्यांची रांग, त्यांच्यावर उंच गवत. टेकड्यांच्या आड हिरवी कुरणं आणि मेंढ्याच मेंढ्या. बेटाच्या मधल्या भागात एक उंचवटा आहे, त्याला ते 'उंच डोंगर' म्हणतात. उंची किती? १५ मीटर! आपल्या बैहरच्या घाटातला माणूस हसेल. पण त्या जमिनीचा इतिहास हसण्यासारखा नाही. १६३० च्या सुमारास त्यांनी वाळूचा बांध घालून शेजारचं छोटं बेट या बेटाला जोडलं. पुढे १८३५ मध्ये तिथली खाजण बांध घालून कोरडी केली आणि शेतीखाली आणली. म्हणजे बांध घालून जगणारी माणसं. आपण बांधीत पाणी अडवतो, ते पाणी बाहेर ठेवतात, एवढाच फरक.

मुलाने सायकली भाड्याने घेतल्या. सूनबाई म्हणाली, "बाबा, जमेल ना?" मी तीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. पण बसलो आणि पाय आपोआप चालायला लागले. सायकलचा रस्ता मोटारींच्या रस्त्यापासून वेगळा, पाट्यांवर लाल अक्षरं, चौकाचौकाला नंबर. नंबर बघत जा, चुकायची सोय नाही. चढ नव्हता, पण समुद्राचा वारा समोरून आला की तोच घाट. दम लागून थांबलो तर माझ्याहून वयाने मोठ्या एक बाई, मागे भाजीची पिशवी लावून, मान हलवून नमस्कार करत पुढे निघून गेल्या.

त्या वाऱ्यात उभा असताना मला एकदम गर्ऱ्याचा पूल आठवला. वारासिवनीहून येताना पुलावर वैनगंगेचा वारा असाच छातीवर यायचा. म्हटलं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. आपणही सपाटीवरचीच माणसं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. बालाघाट नावातच घाट आहे, १८६७ मध्ये जिल्हा झाला तोही घाटावरचा मुलूख घेऊन. पण जिल्ह्याचे दोन भाग. पूर्वेला बैहर, उकवा, गांगुलपाराचा चढ. तिथे सायकल चालवायची नाही, ढकलायची. पश्चिमेला आणि दक्षिणेला वैनगंगेचं खोरं, म्हणजे वारासिवनी, लालबर्रा, रामपायली, किरनापूर. नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. हा भाग सायकलसाठीच देवाने सपाट केला असं आमचे बाबा म्हणायचे.

बाबा नागपूरहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. आपल्यातली किती घरं अशी एका रात्रीत 'परप्रांतीय' झाली! बाबा म्हणायचे, "राज्य बदललं, सायकल तीच आहे."

ती सायकल इंग्लंडची रॅले. १९५३ मध्ये नागपुरात जुनी घेतलेली, तरी दीड महिन्याचा पगार गेला होता. तेव्हा देशात सायकली नुकत्याच बनायला लागल्या होत्या. मुंबईची हिंद १९३९ ची, मद्रासला टीआय १९४९, सोनीपतला अ‍ॅटलास १९५१, लुधियानात हिरो १९५६. त्याआधी सायकल म्हणजे विलायती माल. बाबा दर रविवारी ती उलटी करून तेल घालायचे, आणि आम्ही चाकं फिरवायला टपून बसायचो.

मी शिकलो भाड्याच्या सायकलवर. तासाला दोन आणे. नवे पैसे केव्हाच आले होते, पण दुकानदाराच्या तोंडी आणेच. पाय पुरायचे नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून कैची चालवायची. गुडघे फुटले, एकदा कालीपुतली चौकात टांगेवाल्याच्या शिव्याही खाल्ल्या. माझी ताई मात्र कायम कॅरियरवर. तिने एकदा विचारलं, मी शिकू का? आईने फक्त बघितलं. विषय संपला.

त्या काळी आपलं गाव सायकलवर चालायचं. भरवेलीच्या मँगनीज खाणीची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा यायचा. दूधवाले, पोस्टमन, मास्तर, कापड घेऊन हिंडणारे विणकर. छोटी लाईन १९०५ पर्यंत गोंदियापासून जबलपूरपर्यंत पूर्ण झाली होती, पण स्टेशनच्या पुढे गाव गाठायचं कसं? सायकलने. धानाचं पोतं कॅरियरवर आडवं टाकून लोक मंडईत यायचे. बैलगाडीला जिथे अर्धा दिवस लागे, तिथे माणूस जेवायला घरी परत.

मी बी. कॉम. होऊन १९७४ मध्ये बँकेत लागलो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेड्याखेड्यात शाखा निघत होत्या. १९८१ मध्ये मला वारासिवनीकडच्या एका ग्रामीण शाखेत पाठवलं. जीप नव्हती. कर्जाची पाहणी असो की वसुली, सगळं सायकलवर. रोवणीच्या दिवसात मुरमाच्या रस्त्यावर चिखल चाकात अडकायचा, मग सायकल खांद्यावर घ्यायची आणि बांधावरून चालायचं.

आता जे सांगतो ते आजवर घरातही फारसं बोललो नाही.

त्या वर्षी ग्रामीण विकासाच्या कर्जांचा जोर होता. बैलजोडी, शेळ्या, शिलाई मशीन, अगदी सायकल दुरुस्तीचं दुकान, सगळ्याला कर्ज आणि वर सबसिडी. एक दिवस एक मजूर आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरगी आठवी पास झाली. हायस्कूल आठ किलोमीटर आहे. एक सायकल घ्यायची होती."

मी विचारलं, "सायकलवर धंदा काय करणार?"

"धंदा नाही साहेब. ती शाळेत जाईल."

मी त्याला नियम समजावले. दूध विकायला सायकल, बसतं. शाळेला सायकल, बसत नाही. उत्पन्न दाखवा. तो म्हणाला, "बरं साहेब," आणि निघून गेला. नियमाने मी चूक नव्हतो. पण भिंतीला माझी स्वतःची सायकल टेकवलेली होती, आणि त्याच सायकलवर मी त्याच्या गावी वसुलीला जात होतो. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो शाखेत आला. पेढे दिले. मी खाल्ले.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलचे पैसे द्यायला सुरुवात केली. नंतर अभ्यासकांनी तपासलं, तर हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेलं. आपल्या मध्य प्रदेशातही शाळेसाठी दुसऱ्या गावी जावं लागणाऱ्या मुलामुलींना सरकारी शाळेतून सायकल मिळते. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर तो मजूर उभा राहिला. मी 'उत्पन्न दाखवा' म्हणालो होतो. उत्पन्न हेच होतं, मला दिसलं नाही.

पुढे मी स्कूटर घेतली. १९९१ मध्ये बाबांची रॅले भंगारवाल्याला दिली. बाबा तेव्हा गेले होते, नाहीतर देता आली नसती. खरं सांगायचं तर मॅनेजर सायकलवर दिसू नये असं मला वाटायचं. ज्याची ऐपत नाही त्याची सायकल, असं आपण सगळ्यांनीच ठरवून टाकलं. २०२० मध्ये अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी.

मला वाटायचं, डच लोक पहिल्यापासून असेच सायकलवाले. मुलगा म्हणाला, नाही बाबा. तिकडेही १९५०-६० नंतर मोटारींनी सायकलींना रस्त्यावरून हाकललं होतं. १९७१ मध्ये तिथे अपघातात तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर हळूहळू सायकलचे वेगळे रस्ते झाले. जमीन त्यांचीही सपाट, आपलीही सपाट. तेवढ्याने भागत नाही. कोणीतरी हट्ट धरावा लागतो.

परत आल्यावर मी सायकल घेतली. सौ. म्हणते, या वयात हाडं मोडून घ्याल. सकाळी सहाला निघतो, गर्ऱ्याच्या पुलापलीकडे थोडं जाऊन परत. वारासिवनीच्या रस्त्यावर शाळेच्या मुली दोघी-तिघींच्या ओळीने येताना दिसतात. मी घंटी वाजवली की 'नमस्ते दादाजी' म्हणतात. मागून ट्रक आला की त्या डांबरावरून खाली मातीत उतरतात. पावसाळ्यात तिथे चिखल असतो.

सायकल त्यांना मिळाली, रस्ता अजून मिळायचा आहे. आपल्यातले बरेच जण आज नगरपालिकेत, बांधकाम खात्यात, पत्रकारितेत ओळखी ठेवून आहेत. पुलापासून शाळेपर्यंत दोन्ही कडेला हातभर पक्की पट्टी व्हावी असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सही करायची असेल त्यांनी कळवा, मी सायकलवर येऊन घेऊन जाईन.

आणि हो, तुमच्या घरची पहिली सायकल कोणती होती, कोणी घेतली, तीही लिहा.