मरिना म्हणजे नेमकं काय? गोव्यातल्या नावशीचे मच्छीमार त्याला विरोध का करतात?

पणजीपासून थोड्याच अंतरावर, बांबोळीच्या पुढे जुवारी नदीच्या मुखाशी नावशी हे मच्छीमारांचं छोटं गाव आहे. इथे मरिना उभारण्याच्या प्रस्तावावरून अनेक वर्षं वाद सुरू आहे. एका बाजूला पर्यटन, गुंतवणूक आणि रोजगाराचं आश्वासन आहे. दुसऱ्या बाजूला रोजची मासळी आणि शिंपल्यांची पारंपरिक ठिकाणं आहेत.

पण मरिना म्हणजे काय? आणि दिसायला इतक्या सुंदर प्रकल्पामुळे किनाऱ्याचं काय बिघडतं?

मरिना आणि जेटीत फरक काय?

जेटी म्हणजे बोटीत चढण्या-उतरण्याचा धक्का. बोट येते, माणसं उतरतात, बोट निघून जाते. मरिना म्हणजे खासगी यॉट आणि स्पीडबोटींचं कायमचं पार्किंग. तिथे बोटींना वीज, पाणी आणि इंधन मिळतं, दुरुस्ती होते. जोडीला बहुतेक वेळा हॉटेल, क्लब, रेस्टॉरंटही असतात.

आकाराचा अंदाज येण्यासाठी मुंबईचं उदाहरण बघा. मुंबई बंदरात प्रस्तावित असलेल्या मरिनाची योजना सुमारे १२ हेक्टर पाण्यात ४२४ बोटी उभ्या करण्याची आहे. खर्चाचा अंदाज आहे सुमारे ८८७ कोटी रुपये.

नावशीत कशाचा वाद आहे?

नावशीतला प्रस्ताव कारगवाल कन्स्ट्रक्शन्स या खासगी कंपनीचा आहे. पलीकडच्या तीरावर, सांकवाळ-चिखलीच्या बाजूलाही मरिनाचा वेगळा प्रस्ताव पुढे आला होता. त्यामुळे प्रश्न एका गावापुरता न राहता जुवारीच्या दोन्ही काठांचा झाला.

नावशी, काकरा, ओडशेल, शिरदोन या भागातली अनेक कुटुंबं मासेमारीवर जगतात. त्यांच्या होड्या लहान असतात. ती खोल समुद्रात लांब जात नाहीत, नदीच्या मुखाशीच जाळं टाकतात. तेच पाणी मरिनासाठी अडवलं, तर या होड्यांनी जायचं कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवट’ या संघटनेनेही प्रकल्पाला विरोध केला आहे.

आणखी एक पेच आहे. हे पाणी मुरगाव बंदराच्या हद्दीत येतं आणि हे बंदर केंद्राच्या अखत्यारीत आहे. म्हणजे गाव पंचायतीचं, मासेमारी राज्याच्या खात्याची आणि पाण्यातला निर्णय मात्र बंदराच्या हातात. दाद नेमकी कुणाकडे मागायची, इथूनच लोकांचा गोंधळ सुरू होतो.

शिंपल्यांचा इथे काय संबंध?

गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले दिसतात. ‘विंडोपेन ऑयस्टर’ नावाचा हा शिंपला चिखलीच्या उपसागरात, तळाच्या गाळात वाढतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे.

मरिनाला खोल आणि शांत पाणी लागतं. खोलीसाठी तळाचा गाळ उपसावा लागतो. लाटा थांबवण्यासाठी बांध घालावा लागतो. गाळ उपसला की तळाशी राहणारे जीव त्याच्याबरोबर जातात आणि उरलेल्यांवर गढूळ पाण्याचा थर बसतो. बांधामुळे प्रवाहाची दिशा बदलते. मग वाळू एकीकडे साचते, दुसरीकडे किनारा खचतो.

तिसरा धोका बोटींच्या रंगाचा. बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात १९७०च्या दशकाच्या शेवटी कालवांची पैदास कोसळली, शिंपले वेडेवाकडे वाढू लागले. कारण निघालं बोटींच्या रंगातलं टीबीटी हे रसायन. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याचा वापर बंद केला. जगभरातल्या जहाजांसाठी बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. आजच्या अनेक रंगांमध्ये तांबं असतं. त्याचं प्रमाण वाढलं, तर तेही जलचरांना घातक ठरतं.

मग मरिना नकोच का?

तसं नाही. मुद्दा जागेचा आहे. लंडनमधली सेंट कॅथरीन डॉक्स ही मालवाहू गोदी १९६८ मध्ये बंद पडली. पुढे तिथेच मरिना झालं. तिथे खोल, बंदिस्त पाणी आधीपासून होतं. जिवंत खाडीत मात्र तेच पाणी नव्याने तयार करावं लागतं आणि त्याची किंमत तिथे आधीपासून जगणारे मोजतात. शांत पाण्याची खाडी यॉटला जितकी सोयीची, तितकीच ती माशांच्या पिल्लांना आणि छोट्या होड्यांनाही सोयीची असते. भांडण तिथेच आहे.

कायदा काय सांगतो?

दोन नियम महत्त्वाचे. पहिला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. १९९१ मध्ये आलेली ही अधिसूचना २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. ती फक्त समुद्रकिनाऱ्याला लागू होत नाही, भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं त्या नद्या-खाड्यांनाही लागू होते.

दुसरी, पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची २००६ची अधिसूचना. बंदरं, लाटा अडवणारे बांध आणि गाळउपसा तिच्या कक्षेत येतात. जनसुनावणीची तरतूद तिच्यातच आहे:

• सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते.
• अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो.
• अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असतो.
• कामकाजाचं चित्रीकरण होतं. लेखी हरकतही पाठवता येते.

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. विरोध जास्त झाला म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. पण नोंदवलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या पर्यावरणीय आक्षेपाला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. म्हणून “आमचा विरोध आहे” या घोषणेपेक्षा “या ठिकाणी या महिन्यात आम्ही ही मासळी पकडतो” ही नोंद जास्त कामाची ठरते.

परवानग्या मिळाल्यानंतरची लढाई अवघड असते. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळच्या रेडिओ क्लब जेटीला कुलाब्यातल्या रहिवाशांनी आव्हान दिलं होतं. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही अटी घालून काम पुढे जाऊ दिलं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना याचं काय?

२००६ची हीच अधिसूचना धाराशिवसारख्या जिल्ह्यातही लागू आहे. तिथे मरिना येणार नाही. पण खाणी, डिस्टिलरी, ठरावीक क्षमतेपेक्षा मोठे साखर कारखाने तिच्या यादीत आहेत. त्यामुळे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली जनसुनावणीची नोटीस दिसली, तर ती वाचून पुढे पाठवा. हरकत नोंदवायची मुदत त्यातच दिलेली असते.