हिंगण्याची झोपडी

दिवाळीतल्या शनिवार-रविवारी मुंबईहून मामा-मामी आले होते. शनिवारवाडा, लाल महाल, तुळशीबाग असा नेहमीचा दौरा झाला. (मामींच्या खरेदीवर वेगळा लेख होईल!) मग मामा म्हणाले, "आता हिंगणे."

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. तिथली पहिली झोपडी आजही जपलेली आहे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा रोज चिखल तुडवत तिथे चालत जायचे. आम्ही मात्र कर्वे रोडवर गाडीत बसून ट्रॅफिकच्या नावाने कुरकुरत होतो... असो.

झोपडीपाशी मामा बराच वेळ उभे राहिले. त्यांची आत्या बाराव्या वर्षी विधवा झाली आणि इथे शिकून मास्तरीण झाली. आजोबांनी मात्र सख्ख्या बहिणीला भाऊबीजेला कधी घरी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संस्थेचा भाऊबीज निधी दारोदार फिरूनच जमतो, अगदी जुन्या काळापासून. सकाळी स्वयंसेविका पावतीपुस्तक घेऊन आल्या. मामांनी पाकीट काढलं.

"नाव काय लिहू?"

मामांनी आजोबांचं नाव सांगितलं.