जितके घाणे, तितक्या पळ्या

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. शाळेत मराठी शिकवतो, आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की गणिताचा तासही माझ्या गळ्यात पडतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा बीजगणितावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. पण या विषयाशी माझे एक जुने भांडण आहे. मी सातवीत असताना फळ्यावर ‘समजा, क्ष’ असे लिहिले गेले आणि मी उभा राहून विचारले, “गुरुजी, क्ष म्हणजे कोण?” उत्तरादाखल हातावर छडी बसली. छडीचा वळ दोन दिवसांत गेला, प्रश्न मात्र राहिला. पुढे वाचनाच्या नादात त्याचे उत्तर मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

क्षचा वंश फार जुना आहे. इजिप्तमध्ये सुमारे इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतलेली एक गुंडाळी आज उपलब्ध आहे. तीत एक उदाहरण असे : एक रास आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर रास किती? अहमोस आधी रास ७ धरतो. सात आणि एक मिळून होतात ८, हवेत मात्र १९. मग ८ चे १९ करायला ज्याने गुणावे लागेल, त्यानेच तो ७ ला गुणतो. आधी खोटे धरायचे आणि त्या खोट्याच्या आधाराने खऱ्यापर्यंत जायचे, अशी ही युक्ती. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत ती ‘इष्टकर्म’ या नावाने येते.

परंतु न कळलेल्या संख्येला खोटी किंमत न देता, तिला न कळलेलीच ठेवून तिच्याशी व्यवहार करायचा, ही पुढची पायरी. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये आपल्या ग्रंथात अशा संख्येला ‘अव्यक्त’ म्हटले. तिचे दुसरे नाव ‘यावत्तावत्’, म्हणजे जितके असेल तितके. एकाहून अधिक अव्यक्ते आली, तर त्यांना रंगांची नावे देत : काळा, निळा, पिवळा, तांबडा. पुढे इ. स. ८२० च्या सुमारास बगदादेत अल्-ख्वारिझ्मीने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या ‘अल्-जब्र’ या शब्दावरून युरोपात ‘अल्जिब्रा’ हे नाव रूढ झाले. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांनी भरलेला आहे. बाप मेला, देणे इतके, मुले इतकी, तर कोणाला काय? बीजगणित हे असे घराच्या ओसरीवरच बसलेले होते. ते आपण उचलून फळ्यावर टांगले आणि मग पोरांना ते परके वाटते म्हणून कुरकुरलो.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला, तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. त्यातल्या बीजगणितात एका अव्यक्ताच्या समीकरणासाठी घोड्यांचे उदाहरण आहे. एका माणसाजवळ ३०० रुपे आणि सहा घोडे. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुप्यांचे ऋण. दोघांची दौलत सारखी, तर घोड्याची किंमत काय? दोन्ही बाजूंतून सहा-सहा घोडे काढून घ्या. पहिल्याकडे उरले ३०० रुपे, दुसऱ्याकडे चार घोडे आणि १०० चे ऋण. ऋण फेडण्यापुरते शंभर दोघांनाही द्या. म्हणजे चार घोडे बरोबर ४०० आणि एक घोडा बरोबर १००. शून्याच्या अलीकडच्या संख्येला आपण आजही ‘ऋण’ म्हणतो आणि पलीकडच्या संख्येला ‘धन’. हे शब्द सावकाराच्या वहीतले आहेत, हे आपण विसरून गेलो एवढेच.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला, आणि इ. स. १२०७ मध्ये त्या मठाला दाने मिळाली, असे लेख सांगतो. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील मराठीत. ज्यांना द्यायचे त्यांना कळावे, म्हणूनच ही सोय केली असावी, असे मला वाटते. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या आणि जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. जितके, तितके! संस्कृतातले यावत्तावत् ते हेच. पाटणच्या तेल्याला समीकरण हा शब्द ठाऊक नसेल, पण घाणे वाढले की पळ्या वाढणार, हे त्याला कोणी छडी मारून शिकवले नव्हते.

हे सारे डोक्यात असताना दोन वर्षांमागे सातवीच्या वर्गात मी घोड्यांचे उदाहरण घातले. एक मुलगा म्हणाला, “दुसरा श्रीमंत. त्याचे घोडे जास्त.” मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. ती म्हणाली, “पर गुरुजी, त्याच्या डोक्यावर कर्ज हाय की. अन् घोड्याचा भाव पडला तर?”

मी हिशेब केला. घोडा पन्नासाला आला, तर पहिल्याजवळ ६००, दुसऱ्याजवळ फक्त ४००. बरोबरी एकाच भावाला टिकते. भाव पडला की ऋणको आधी बुडतो. हे मला तोवर सुचले नव्हते.

मग तिने स्वतःच्या घरचे उदाहरण मांडले. मुकादमाकडून उचल ६०,००० रुपये. टनाला ३०० धरले आणि दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडले, तर रोजचे ६००. त्यातले २०० खाण्यापिण्याला. तिने दिवसांना क्ष मानले : ६०० क्ष बरोबर ६०,००० अधिक २०० क्ष. उत्तर आले १५०. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी दिवाळीला निघायचं अन् पाडव्यापातुर नुसतं फेडायचंच.”

वर्गात कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही.

दिवाळीनंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीचे खुणे पडत गेले. समीकरणाने तिचे जाणे थांबवले नाही, आणि ते थांबवणे माझ्याही हाती नव्हते. एप्रिलात ती परत आली, तेव्हा तिच्या हातात तीच वही होती. रोजचे टन, पावसाने बुडालेले दिवस, बापाला ताप आला ते दिवस, सारे तारखेनिशी लिहिलेले. मुकादमाच्या हिशेबात पाच टन कमी धरले होते. म्हणजे १,५०० रुपये. तिने वही बापाला दाखवली आणि बापाने ती मुकादमापुढे ठेवली.

“मग? मानले का त्याने?” मी विचारले.

“अर्धं मानलं,” ती म्हणाली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.