दोन खजिने : महमूद गवानाचे कारभारीपण

चिटगुप्पा, हुमनाबाद या भागातून बिदरला जाणाऱ्या आपल्या उपदेशकबंधूंनी तेथील भग्न मदरसा पुष्कळदा पाहिला असेल. एकच मनोरा उभा आहे. भिंतींवर रंगीत फरशांचे थोडे अवशेष आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा बराच भाग उडाला. हा मदरसा १४७२ साली बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बांधविला. ज्याला इतरांच्या पुढे चालावयाचे आहे, त्याने या पुरुषाचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

गवान हा इराणातील गिलान प्रांताचा. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दक्षिणेत आला आणि आपल्या योग्यतेने राज्याच्या सर्वोच्च पदास पोहोचला. तो साधुपुरुष होता असे मात्र नव्हे. कोकणातील दुर्ग व गोवा त्याने तलवारीनेच जिंकले. तथापि सत्ता हाती असता तिला मर्यादा कशी घालावी, हे त्याने जाणले होते. राज्याचे चार सुभे फार बलाढ्य झाले होते. त्याने त्यांचे आठ केले. प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी करविली. या सुधारणांनी सरदारांचा स्वार्थ दुखावला, व विशेषतः दक्षिणी सरदारांचा पुढारी मलिक हसन त्याचा वैरी झाला.

इतरांना संयम शिकविणाऱ्याने स्वतः कसे राहावे? इतिहासकार फेरिश्ता सांगतो की, गवानाचे दोन खजिने असत. एक राज्याचा, त्यातून फौजेचा व हत्तीघोड्यांचा खर्च चाले. दुसरा गरिबांचा. स्वतःचा खर्च तो इराणातून आणलेल्या मूळ भांडवलावरील व्यापाराच्या नफ्यातून भागवी. जेवण मातीच्या भांड्यात, निजणे चटईवर.

आता त्याचा अंत पाहा. वैऱ्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला वश करून कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उमटवून घेतली, आणि त्यावर ओरिसाच्या राजास राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिले. सुलतान तिसरा महंमदशाह याने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी स्वारीच्या छावणीत त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. नंतर सुलतानाने त्याच्या संपत्तीचा शोध घेतला, तेव्हा खजिनदाराने त्या दोन खजिन्यांचाच हिशेब पुढे ठेवला. दडविलेले धन निघाले नाही. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण वेळ निघून गेली होती. पुढच्याच वर्षी तोही मरण पावला, आणि १४९० च्या सुमारास अहमदनगर, विजापूर व वऱ्हाड येथील सुभेदार स्वतंत्र झाले.

मग गवानाचे जीवन विफल झाले काय? राज्य वाचले नाही, हे खरे. आपल्या सुधारणा मनापासून पेलणारी माणसे त्याने पुरेशी घडविली नाहीत आणि शिक्का भलत्या हाती राहू दिला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्या दिवशी तो स्वतः बोलू शकत नव्हता, त्या दिवशी त्याचा हिशेब बोलला. शमुवेल संदेष्ट्यानेही वृद्धपणी इस्राएल लोकांपुढे उभे राहून, मी कोणाचे काय घेतले ते सांगा, असे विचारले होते. अशा प्रश्नास निर्भयपणे उभे राहता येणे, हेच सेवकाच्या जीवनाचे समाधान होय.

आपल्याकडे राज्य नाही. मंडळीची वर्गणी आहे, नोंदवही आहे, शिक्का आहे. दोन खजिने वेगळे ठेवावेत, शिक्का कोणाच्या हाती आहे हे पाहावे, आणि आपल्यामागे काम चालविणारी माणसे वेळीच तयार करावीत. गवानाने पहिली गोष्ट उत्तम केली. उरलेल्या दोन गोष्टींतील उणिवेची किंमत त्याला व राज्याला मोजावी लागली.