हिरव्या विटेची कुळकथा

अमेरिकेतल्या फुलांच्या दुकानात मागच्या टेबलावर हिरव्या, वजनाला नगण्य अशा विटा रचलेल्या असतात. पाणी प्यायलेल्या विटेत देठ खोचला की तो जागचा हलत नाही. फुलांच्या इतक्या जवळची ही वस्तू एखाद्या माळ्याच्या डोक्यातून निघाली असेल असे वाटते, पण तिचे गोत्र कारखान्याचे आहे. १९०७ साली न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट घडवले. जुन्या टेलिफोनचे काळे, टणक प्लास्टिक ते हेच. त्याच जातीच्या राळेचा फेस फुलवून केलेली वीट १९५४ साली व्हर्नन स्मिदर्स यांनी ‘ओअ‍ॅसिस’ या नावाने फुलवाल्यांपुढे ठेवली. स्मिदर्स हे ओहायोतल्या अ‍ॅक्रनचे, म्हणजे फायरस्टोन आणि गुडइयर यांच्या टायरच्या गावचे, आणि त्यांची प्रयोगशाळा मुळात रबर तपासणारी.

देठ उभे धरायला त्याआधी काही नव्हते असे नाही. चुरगळलेली कोंबड्यांची जाळी होती, ओले शेवाळ होते, जपानी खिळ्यांची बैठक होती. मग विटेने बाजार का जिंकला? माझ्या मते उत्तर फुलांच्या वाहतुकीत आहे. १९१० पासून अमेरिकी फुलवाले तारेने एकमेकांना मागण्या कळवू लागले होते. एका गावात पैसे भरायचे, दुसऱ्या गावात गुच्छ दारी पोचायचा. पाण्याने भरलेले भांडे गाडीत हिंदकळते. वीट पाणी सांडू देत नाही आणि रचना विस्कटू देत नाही. म्हणजे अडचण दुकानदाराची होती आणि ती विटेने चोख सोडवली.

विटेत फुले जास्त टिकतात, असा यावर आक्षेप येईल. तो मला पटत नाही. भांड्यातले पाणी रोज बदलता येते, देठ पुन्हा तिरपा छाटता येतो. विटेत खोचलेल्या देठाला यातले काहीच मिळत नाही. शिवाय वीट पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यावी लागते. घाईने दाबली तर आत कोरडे कप्पे राहतात आणि तिथले देठ तहानेने माना टाकतात. एकदा सुकलेली वीट पुन्हा नीट पाणी पीत नाही. लग्नाच्या कमानीला किंवा चर्चमधल्या भल्या मोठ्या रचनेला तिची सोय होते, हे मात्र मान्य करायला हवे. पण तिथेही किंमत मोजावी लागते. वीट कुजत नाही. तिचा चुरा सूक्ष्म प्लास्टिक होऊन पाण्यात जातो आणि जलचर तो गिळतात, असे मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत या विटेला बंदी घातली.

घरची फुले कुठे प्रवासाला जात नाहीत. तेव्हा अमेरिकेतल्या मराठी घरांनी गणपतीच्या आरासीला खोल भांडे आणि जाळीचा गोळा घ्यावा, आणि वीट आणलीच असेल तर तिचे पाणी मोरीत ओतण्याआधी फडक्यातून गाळावे.