हरणाच्या पायातला पतंग

मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात याकी आणि मायो लोकांचा हरिणनाच रंगला, की नर्तकाच्या पायांतून एक आवाज येतो. घुंगरांचा छनछनाट नव्हे, पाचोळ्यातून जनावर गेल्याची सळसळ. हा आवाज तेनाबारींचा. पोटऱ्यांभोवती वेढलेल्या लांबलचक माळा, आणि त्यातला प्रत्येक खुळखुळा म्हणजे एका पतंगाचा कोश.

पतंगाचं शास्त्रीय नाव रॉथ्सचाइल्डिया सिंक्टा. सावकारी घराण्यात जन्मून प्राणी-पाखरांच्या नादी लागलेल्या वॉल्टर रॉथ्सचाइल्डवरून ते पडलं. सोनोरातले लोक त्याला 'चार आरसे' म्हणतात, आणि ते जास्त शोभतं: चारही पंखांवर एकेक पारदर्शक झरोका असतो. अळी वाढते मोगली एरंडाच्या भाऊबंद झुडपांवर. पंख फुटलेल्या पतंगाला मात्र खायला तोंडच उरत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. आयुष्याचा मोठा काळ जातो तो कोशातच, उन्हाळी पावसाची वाट पाहत.

तेनाबारीचं मूळ मला या वाट पाहण्यातच दिसतं. कोरडे महिने आतला जीव सुकू नये म्हणून अळी रेशीम आपल्याच चिकट स्रावाने असं जखडते, की कोश हलका पण टणक होतो. माणसं तो झुडपावरून काढतात, चिरून साफ करतात, आत बारीक खडे घालतात आणि जोडीजोडीने दोरीत ओवतात.

१६१७ मध्ये जेझुइट पाद्री याकींच्या मुलखात आले. नाच बंद पडला नाही, तो ईस्टरच्या उत्सवात शिरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकन सरकारच्या छळाला कंटाळून कित्येक याकी अॅरिझोनात पळाले, तिथेही हा नाच टिकला. ज्या सोनोरातून त्यांना हुसकावलं, त्याच राज्याच्या बोधचिन्हावर आज हरिणनर्तक मिरवतो!

याच कुळातल्या दुसऱ्या पतंगांचे कोश दक्षिण आफ्रिकेतही नर्तकांच्या घोट्यांवर वाजतात. कॅलिफोर्नियातल्या पोमो लोकांचे वैदू असे कोश काठीला बांधून हातात वाजवत. भंडारा-गडचिरोलीचा टसरचा किडाही याच कुळातला. त्याच्या कोशाचा आपण धागा काढला.